खानावळीचे बिल आणि पदवीचा कागद

(महाविद्यालयीन विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्या सभेत एका वकील बंधूंनी दिलेले भाषण)



आपल्या समितीने मला राखीव जागांसंबंधी बोलण्यास पाचारण केले होते. त्या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते मजपेक्षा चांगले बोलतात. मी समितीची परवानगी घेऊन विषय बदलला आहे. जागा मिळाल्यानंतर जून महिन्यापासून मार्च महिन्यापर्यंत आपला मुलगा किंवा मुलगी परगावी रोज काय खाते, कोठे झोपते, वह्यापुस्तके कशाने घेते आणि हे सर्व सोसून शेवटी कोणत्या दाराशी जाऊन उभी राहते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय बाजारहाटाचा वाटेल. पण वीस वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढताना मी पाहिले आहे की आपली जी मुले शिक्षण अर्धवट टाकून घरी परततात, त्यांतील फारच थोडी परीक्षेत नापास झालेली असतात. बहुतेकांचे तीन-चार महिन्यांचे खानावळीचे बिल थकलेले असते.

ही अडचण आजची नाही. परमपूज्य बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षण संपल्यावर बडोदे संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार. त्या रकमेतून खोलीभाडे, जेवण, पुस्तके, आणि मुंबईस घरी पाठवायचे पैसे. पुढे लंडनमध्ये शिकत असता शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना अभ्यास सोडून परतावे लागले. बुद्धी तीच होती, चिकाटी तीच होती, केवळ पैशाची तारीख उलटली होती. लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत त्यांनी मिळवून ठेवली. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसा जमविला. छत्रपती शाहू महाराजांनी साह्य केले, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. विद्यार्थी मित्रांनी यातली सवलतीची गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. परतावे लागत आहे हे दिसताच त्यांनी दार बंद होऊ दिले नाही. विद्यापीठाकडून लेखी मुदत घेतली. आपली मुले पैसे संपले की कोणास न सांगता गाडीत बसून गावी येतात. अर्ज करून वर्षाची खंडितता मान्य करून घेता येते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

स्वतः सोसलेले बाबासाहेब विसरले नाहीत. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांना त्यांनी जे निवेदन सादर केले त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्यांची मागणी होती. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ साली सुरू झाली आणि तीच अनेक फेरफार होऊन आजही चालू आहे. २० जून १९४६ रोजी मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय उघडले तेव्हा त्याचे वर्ग सकाळी भरू लागले, कारण दिवसा नोकरी करणाऱ्यास शिकता यावे. मला ही वेळापत्रकाची गोष्ट फार मोठी वाटते. इमारत पुढेही बांधता येते; परंतु विद्यार्थ्याच्या पोटाची वेळ पाहून वर्गाची वेळ ठरविणारी संस्था विरळा. चार वर्षांनी, १९५० साली, औरंगाबादेस पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे दुसरे महाविद्यालय निघाले, ते आज मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते, आणि नागसेनवनात त्याच्याभोवती वसतिगृहे उभी राहिली.

आता आजच्या हिशोबाकडे वळू. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत दोन भाग असतात. एक महाविद्यालयाचे शुल्क आणि दुसरा विद्यार्थ्याच्या हाती पडावयाचा भत्ता. आपले पालक पहिल्या भागाविषयी जागरूक असतात, दुसऱ्याचा आकडा त्यांस ठाऊक नसतो. २०२१ साली केंद्र शासनाने जे दर ठरविले, त्यांनुसार वैद्यकीय, अभियांत्रिकी अशा पहिल्या गटातील वसतिगृहवासी विद्यार्थ्यास वर्षाला १३,५०० रुपये व घरून जाणाऱ्यास ७,००० रुपये आहेत. साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या तिसऱ्या गटात वसतिगृहवाशास ६,००० आणि घरून जाणाऱ्यास ३,००० रुपये. तीन हजारांना बारांनी भागा. महिन्याचे अडीचशे रुपये पडतात. या अगोदरचे दर महिन्यावारी होते; तिसऱ्या गटातील घरून जाणाऱ्यास महिना ३०० रुपये, दहा महिन्यांच्या हिशोबाने वर्षाचे ३,००० रुपयेच. म्हणजे नाव बदलले, रीत बदलली, आणि रक्कम होती तेथेच राहिली. आपली बहुसंख्य मुले याच तिसऱ्या गटात आहेत, हे सांगण्यास पंडित लागत नाही. या दरांवर आपल्या संघटनांनी जेवढा आवाज उठवावयास हवा होता तेवढा उठविला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा, आणि २०२१-२२ पासून राज्याने आपला वाटा दिल्यानंतर केंद्राचा वाटा विद्यार्थ्याच्या खात्यावर परस्पर जमा होतो. परस्पर देण्यामागील हेतू चांगला आहे. मधल्या मध्ये संस्थाचालकांनी पैसे खाल्ल्याची प्रकरणे आपण सर्वांनी ऐकली आहेत. परंतु पैसा दोन दारांतून येऊ लागला की विलंबही दोन दारांत होतो. अर्ज पावसाळ्यात भरावयाचा, महाविद्यालयाच्या कारकुनाने तो पुढे पाठवावयाचा, समाजकल्याण कार्यालयाने तपासावयाचा, आणि पैसा कधी उन्हाळ्यात, कधी पुढील वर्षात. खानावळवाला मात्र दर महिन्याच्या पाच तारखेस दारात उभा असतो.

विलंबाचे एक कारण आपल्या हातातले आहे. आधारद्वारे पाठविलेला पैसा अर्जात लिहिलेल्या खात्यात जातोच असे नाही. आधार क्रमांक ज्या बँकेच्या खात्याशी सर्वांत शेवटी जोडला गेला असेल त्या खात्यात तो जातो. आपल्या मुलांची दोन-दोन, तीन-तीन खाती असतात. एक शाळेत असताना काढलेले, एक गॅसच्या अनुदानासाठी, एक मोबाइलवर कोणीतरी उघडून दिलेले. पैसा बंद पडलेल्या खात्याकडे जातो व परत फिरतो, आणि विद्यार्थी समाजकल्याणच्या खिडकीशी भांडत राहतो. प्रवेश घेण्यापूर्वी बँकेत जाऊन एवढी एक गोष्ट तपासून घ्यावी.

हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला यांचे जानेवारी २०१६ मध्ये जे झाले ते आपण सारे जाणता. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी त्यांच्या अखेरच्या पत्रातील एकाच बाबीकडे आपले लक्ष वेधतो. सात महिन्यांची थकलेली फेलोशिप, एक लाख पंच्याहत्तर हजार रुपये, ती घरच्यांस मिळावी, असे त्यात होते. पैसा थकला की माणूस लाजतो, मित्रांकडून उसने घेतो, मग मित्रांस टाळतो, मग घरचा फोन घेत नाही. आपला मुलगा फोन घेईनासा झाला तर तो मातला असे समजू नका. पुढच्या गाडीने त्याच्याकडे जा.

आता कायद्याची दोन प्रकरणे सांगतो. दोन्ही सर्वोच्च न्यायालयातील आहेत. २०२१ साली एका दलित विद्यार्थ्यास मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये जागा मिळाली. जागा राखण्याचे शुल्क भरण्यास त्याने बहिणीकडून पैसे घेतले, परंतु तांत्रिक बिघाडामुळे रक्कम मुदतीत भरली गेली नाही. मुंबई उच्च न्यायालयात त्याला यश आले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. दुसरे प्रकरण २०२४ सालचे. उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका मजुराच्या मुलास धनबादच्या आय.आय.टी.त विद्युत अभियांत्रिकीची जागा मिळाली. भरावयाचे होते १७,५०० रुपये, मुदत २४ जून रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत. कुटुंबाने गावातून पैसे गोळा केले. ते हाती येऊन भरणा होईपर्यंत संगणकाची खिडकी बंद झाली. पोराने अनुसूचित जाती आयोगाचे दार ठोठावले, झारखंड व मद्रास गाठले आणि अखेरीस दिल्लीस गेला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद १४२ खालील अधिकार वापरून त्याच वर्षाच्या तुकडीत त्याच्यासाठी अधिक जागा निर्माण करावयास लावली.

वृत्तपत्रांनी या निकालांचा जयजयकार केला आणि तो योग्यच होता. परंतु वकील या नात्याने मी आपणांस सावध करतो. अनुच्छेद १४२ हा पूर्ण न्यायासाठी सर्वोच्च न्यायालयास दिलेला असाधारण अधिकार आहे. तो काही महाविद्यालयातील तक्रार खिडकी नव्हे. १७,५०० रुपयांच्या अडचणीसाठी एका मुलास देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत जावे लागले, यात न्यायाचा विजय जेवढा आहे तेवढीच व्यवस्थेची नामुष्की आहे. ती रक्कम चोवीस तास अगोदर त्याच्या हाती असती तर खटलाच उभा राहिला नसता. ही चोवीस तास अगोदरची रक्कम कोणी द्यावयाची, याचे उत्तर मी शेवटी देणार आहे.

शुल्काच्या बाबतीत पालकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या विद्यार्थ्याकडून शुल्क आगाऊ मागू नये, असे राज्य शासनाने महाविद्यालयांना वारंवार बजावले आहे, आणि केंद्राच्या २०२१ च्या सूचनांत त्यासाठी फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे. दुसरी गोष्ट, विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. कार्यालयात तोंडी भांडू नये. अर्ज लिहावा, त्याची दुसरी प्रत जवळ ठेवावी आणि तीवर पोहोच घ्यावी. पोहोच देण्यास कारकून नकार देतो तेव्हा तोच अर्ज टपालाने रजिस्टर करून पाठवावा. माझ्या अनुभवात निम्मी भांडणे पोहोच मागताच मिटतात.

राहण्या-जेवण्याची मुख्य सोय म्हणजे सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहे. तेथे निवास व भोजन मिळते. परंतु जागा थोड्या आणि अर्ज फार. ज्यांस जागा मिळत नाही त्यांच्यासाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. योजना निघाली तेव्हा मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांसाठी भोजनभत्ता ३२,०००, निवासभत्ता २०,००० व निर्वाहभत्ता ८,००० असे वर्षाचे ६०,००० रुपये ठरले. इतर महानगरपालिका क्षेत्रांत ५१,००० आणि जिल्ह्यांच्या अन्य ठिकाणी ४३,०००. याशिवाय वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास साहित्यासाठी ५,००० आणि इतरांस २,००० रुपये. वसतिगृहासाठी अर्ज करावा, तेथे नाव लागले नाही तर स्वाधार मागावे, असा क्रम आहे. मजकडे आलेल्या कित्येक विद्यार्थ्यांनी वसतिगृहाचा अर्जच भरला नव्हता. आपणांस जागा मिळणार नाही असे त्यांनी घरी बसून परस्पर ठरवून टाकले होते. अर्ज न करणाऱ्यास कोणताही वकील वाचवू शकत नाही.

आता एका नाजूक गोष्टीकडे येतो. आपल्या विद्यापीठांत ‘कमवा आणि शिका’ ही योजना आहे. पुण्याच्या विद्यापीठात तिला कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव आहे आणि ते यथार्थ आहे. रयत शिक्षण संस्था १९१९ साली स्थापन करून, १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालवून, आणि १९४७ साली श्रमावर शिकविणारे छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढून भाऊरावांनी ही कल्पना महाराष्ट्रात रुजविली. विद्यार्थी दिवसाचे काही तास ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात किंवा बागेत काम करतो आणि तासाच्या दराने त्याला मोबदला मिळतो. महाविद्यालयाच्या विद्यार्थी विकास विभागाकडे नाव नोंदवावयाचे असते.

गेल्या वर्षी एका पालकांनी मला विचारले, “वकीलसाहेब, आमच्या बापजाद्यांनी गावचा झाडू आणि गावची वेठ सोडली. आता पोराने कॉलेजचे आवार झाडायचे काय?” प्रश्न रास्त आहे, त्याला हसणारा मनुष्य आपल्या समाजाचा इतिहास जाणत नाही. वतनाच्या नावाखाली दिवसरात्र राबवून घ्यावयाचे आणि मोबदल्यात शिळे तुकडे द्यावयाचे, ती पद्धत मोडण्यासाठी बाबासाहेबांनी कायदेमंडळात दीर्घकाळ झगडा केला, आणि मुंबई राज्याचा कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. त्या वेठीत तीन गोष्टी होत्या. काम जन्मावरून ठरे, नाही म्हणण्याची सोय नसे, आणि मोल दुसऱ्याच्या मर्जीवर असे. विद्यार्थ्याने या तीन कसोट्या लावून पाहाव्यात. दर ठरलेला असेल, काम सोडता येत असेल, आणि सर्व जातींची मुले पाळीपाळीने तेच काम करीत असतील, तर बागेत खुरपे धरण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. परंतु ग्रंथालयाचे टेबल एका आडनावाच्या मुलांस आणि संडासाची बादली दुसऱ्या आडनावाच्या मुलांस असे वाटप होताना दिसले, तर ते श्रमदान नव्हे. ती अस्पृश्यता होय. संविधानाचा अनुच्छेद १७ आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अशा वेळी उपयोगात आणावयाचे असतात. कामवाटपाचा तक्ता मागा. तक्ता मागण्याचा अधिकार विद्यार्थ्यास आहे आणि तक्ता मागितला की वाटप बहुधा सुधारते.

या सर्व सोयींचे कुलूप एकाच किल्लीने उघडते, ती म्हणजे जातीचा दाखला. नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी पुढील भाग लक्षपूर्वक ऐकावा. महाराष्ट्रात १९६० सालापासून नवबौद्धांस राज्याच्या सवलती मिळू लागल्या. केंद्राच्या बाबतीत मात्र १९९० पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्ध हा शब्द आला. तेव्हा बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीचा हक्क जातो, ही तलाठ्याच्या तोंडी आजही ऐकू येणारी गोष्ट खोटी आहे. परंतु हक्क मिळतो तो मूळ जात अनुसूचित यादीत असेल तरच, आणि दाखल्यावर मूळ जात व धर्मांतर या दोन्हींचा मेळ बसावा लागतो. आपण शाळेच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात अभिमानाने केवळ ‘बौद्ध’ लिहितो. अभिमान योग्य आहे. पण मूळ जात सिद्ध करणारा वाडवडिलांचा कागद त्याच्या मागे जपून ठेवलेला असला पाहिजे.

व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्राचा त्यासंबंधीचा कायदा २००१ पासून अमलात आहे. पडताळणी समिती अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा पाहते. आजोबा-पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, जमिनीचा जुना कागद, यांपैकी काही ना काही सापडते. शोधण्यास मात्र महिने लागतात. मुलगी अकरावीत गेली की वडिलांनी तालुक्यास जावे. बारावीचा निकाल लागल्यावर धावणाऱ्यांची रांग मी दरवर्षी पाहतो आणि त्यांतील काहींच्या जागा डोळ्यांदेखत जातात.

आता पदवीनंतरच्या वाटेविषयी. आपल्या घरांत नोकऱ्यांची नावे थोडी ठाऊक असतात. शिक्षक, कारकून, फौजदार, डॉक्टर, वकील आणि कलेक्टर. ज्यांच्या घरी तीन पिढ्या पदवीधर आहेत त्यांच्या मुलास जेवणाच्या ताटावर जे मार्गदर्शन मिळते, ते आपल्या मुलास कार्यालयात जाऊन मागावे लागते. विद्यापीठांत रोजगार मार्गदर्शन केंद्र असते, महाविद्यालयांत नेमणूक कक्ष असतो. त्या कक्षाच्या दारावरून आपली मुले तीन वर्षे जातात आणि आत डोकावत नाहीत, कारण तेथील बोलणे इंग्रजीत चालते. पहिल्या वर्षी आत जा आणि मराठीत विचारा. मागील तीन वर्षांत कोण कोण नेमणुकीसाठी आले, कोणत्या शाखेची मुले घेतली, वेतन काय दिले. उत्तर समाधानकारक नसेल तर तेही पहिल्या वर्षीच कळलेले बरे. नागपुरास केंद्र शासनाचे अनुसूचित जाती-जमातींसाठी स्वतंत्र करिअर सेवा केंद्र आहे. विदर्भातील मुलांनी त्याचा लाभ घ्यावा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदवीधरास कारखान्यात वा कार्यालयात एक वर्ष विद्यावेतनासह अनुभव मिळू शकतो. २०१९ साली पदवीधरांचे किमान विद्यावेतन ९,००० रुपये करण्यात आले. हा मार्ग आपली मुले कमी लेखतात. अनुभवाचे एक वर्ष पुढील मुलाखतीत किती बोलते, हे ज्याने मुलाखती घेतल्या आहेत तोच जाणतो.

स्पर्धा परीक्षांविषयी मला कठोर बोलणे भाग आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत अनुसूचित जातींच्या उमेदवारास वयाच्या ३७ व्या वर्षापर्यंत कितीही वेळा बसता येते. सवलत न्याय्य आहे, आणि तीच कित्येकांचा गळफास झाली आहे. पुण्यात पेठांतील खोल्यांत सहा-सहा, आठ-आठ वर्षे काढलेली आपली मुले मी पाहतो. बाप शेतमजुरी करून पैसे पाठवितो आणि मुलगा पुढील जाहिरातीची वाट पाहतो. बार्टीसारख्या संस्थेचे प्रशिक्षण मिळत असेल तर जरूर घ्यावे. पण घरी बसून, बापाच्या देखत, किती प्रयत्न करावयाचे आणि त्यानंतर कोणते काम धरावयाचे हे कागदावर लिहावे. अभ्यासाची खरी आवड असेल तर संशोधनाची वाट आहे. राष्ट्रीय फेलोशिपची रक्कम २०२३ पासून सुरुवातीस दरमहा ३७,००० रुपये आहे. परदेशी जाण्यास केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती व राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. राज्याच्या शिष्यवृत्तीच्या जागा ७५ आहेत. त्यांसाठी तयारी पदवीच्या दुसऱ्या वर्षी सुरू करावी लागते, निकालानंतर नव्हे.

कर्जाबद्दल थोडक्यात. शैक्षणिक कर्ज साडेसात लाख रुपयांपर्यंत तारणाशिवाय मिळण्याची योजना आहे, आणि वर्षाला साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबास तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या काळातील व पुढील एका वर्षाचे व्याज शासन भरते. बँकेने नकार दिल्यास तो लेखी मागावा. याउलट मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणारे कर्ज हा सावकारच आहे, फक्त त्याला पागोटे नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्याने वार्षिक व्याजासह सर्व आकार एका पत्रकात अगोदर दाखविले पाहिजेत, आणि कर्जदाराच्या मोबाइलमधील ओळखीच्यांच्या यादीला हात लावता कामा नये. जो ॲप यादी मागतो, तो उद्या तुमच्या मामांस फोन करून तुमची अब्रू काढणार आहे. विद्यार्थ्यांनी पैसे संपल्याची गोष्ट ॲपला सांगण्याऐवजी आईला सांगावी.

आता चोवीस तास अगोदरच्या रकमेचे उत्तर. आपल्या विहारात जयंतीची वर्गणी जमते, वर्षावासाचे दान जमते. त्यांना हात न लावता एक वेगळा खानावळ निधी उभारावा, अशी माझी समितीला विनंती आहे. पन्नास घरांनी महिना शंभर रुपये दिले तर वर्षाचे साठ हजार होतात. यातून कोणास दान द्यावयाचे नाही. प्रवेशाचे शुल्क अडले, किंवा शिष्यवृत्ती येईपर्यंत खानावळ थकली, तर उचल द्यावयाची आणि शिष्यवृत्ती जमा होताच ती बिनव्याजी परत घ्यावयाची. काही मंडळी म्हणतील, उचल परत येणार नाही. काही येणार नाही, हे मलाही दिसते. त्यासाठी वही ठेवावी, बँकेत वेगळे खाते काढावे, तीन सह्यांपैकी दोन लागतील अशी अट घालावी, आणि त्या तीन सह्यांत एक सही एखाद्या उपासिकेची असावी. बचत गटाच्या वह्या आपल्या भगिनींनी जितक्या चोख ठेवल्या आहेत तितक्या आपल्या पुरुषांच्या मंडळांनी ठेवलेल्या मी पाहिलेल्या नाहीत. कोणास किती उचल दिली हे भिंतीवर लावू नये. विद्यार्थ्याची लाज राखणे हा हिशोबाचाच भाग आहे. वर्षाच्या शेवटी एकूण आकडे मात्र सभेपुढे वाचावेत.

या निधीचे नियम मी एका कागदावर उतरवून आणले आहेत, ते अध्यक्षांच्या हाती देतो. ज्यांचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला आहे, ज्यांचा स्वाधारचा हप्ता थकला आहे किंवा ज्यांच्या दाखल्यात मूळ जातीचा उल्लेख राहून गेला आहे, त्यांनी सभा संपल्यावर उजव्या बाजूच्या खोलीत यावे. येताना आधार कार्ड, बँकेचे पुस्तक आणि महाविद्यालयाकडून आलेला प्रत्येक कागद बरोबर असावा. नुसती तोंडी हकीकत ऐकून मला अर्ज लिहिता येणार नाही.

जयभीम.